काळ्या जिभेची सेवजिद

आमच्या झावखान प्रांतात नवी सून पारखायची तर आधी तिचा चहा चाखतात, मग ती दूध कशी काढते ते बघतात आणि मग तिची चाल. सेवजिदमध्ये या तिन्ही बाबतींत खोट काढायला जागा नव्हती. चहात मीठ बेताचं पडायचं, मारकुटी याकसुद्धा तिच्या हाताखाली शहाण्यासारखी उभी राहायची, आणि चाल म्हणाल तर उंबऱ्याला तिचा पाय कधी लागला नाही. जीभ तेवढी कुणी तपासली नव्हती. ती पहिल्याच शरदात सापडली, आणि सापडल्यावर मग कुणी सोडली नाही.

सेवजिद तालुक्याच्या गावातली. लग्नात बापानं तिला दोन पेट्या, एक गालिचा आणि एक लाल रेडिओ दिला होता. बापाच्या घरी हवामानाच्या बातम्या लागल्या की सगळे गप्प बसायचे आणि बातम्या संपल्या की सगळे एकदम बोलायला लागायचे. देशभरचा अंदाज सांगायची एक बाई होती, तिचा आवाज लोण्यासारखा. राजधानीपासून सुरुवात करून ती एकेक प्रांत घेत यायची, पूर्वेचं गवताळ रान, दक्षिणेचं वाळवंट, आणि शेवटी आमचे पश्चिमेचे डोंगर. कुठे पाऊस, कुठे बर्फ, वारा किती, ती सगळ्या देशाला एका सुरात सांगायची. तिला कुणी कधी अपशकुनी म्हटलं नाही.

त्या वर्षी शरद संपत आला होता आणि गोम्बोचं घर अजून नदीकाठच्या तळावरच होतं. गोम्बो म्हणजे सेवजिदचा सासरा. हिवाळ्याच्या तळावर जायला लामानं चांगला दिवस काढून दिला होता, तो यायला आठवडा होता. सेवजिदनं रेडिओ ऐकला आणि सासऱ्याच्या हातात चहाचा वाडगा देताना, नव्या सुनेनं आपण किती उपयोगी आहोत ते दाखवावं तशा हौसेनं ती बोलून गेली.

"बाबा, उद्याच तळ हलवू या का? रेडिओवर सांगितलं, आधी पाऊस आहे आणि मग त्यावर बर्फ. गवतावर बर्फाचं लोखंड बसलं तर जनावरं मरतील."

गोम्बोनं वाडगा खाली ठेवला. सासू डोल्गोर चुलीपाशी होती, ती बाहेर धावली, तीनदा थुंकली आणि दुधाची पळी घेऊन आभाळाकडे शिंपडायला लागली. नवरा चुलून खोगिराचा पट्टा शिवत होता, त्याची सुई हातातच राहिली.

"माझ्या चुलीपाशी मरणाचं नाव कुणी काढलं?" गोम्बोनं विचारलं. विचारलं ते चुलीला, सुनेला नाही.

"मी नाही, बाबा. रेडिओवाली म्हणाली."

"ती तिकडे म्हणाली. इथे कोण म्हणालं?"

खरी गोष्ट अशी की म्हाताऱ्याला स्वतःलाच दोन दिवस हवेचा वास आला होता. घोडे वाऱ्याकडे शेपट्या करून उभे राहत होते, ते त्यानं पाहिलं होतं. लामाकडून तारीख अलीकडे आणायला माणूस पाठवावा असं त्याच्या मनातही होतं, हे चुलूनला ठाऊक होतं. पण आता शब्द बोलला गेला होता. आमच्याकडे असं मानतात की वाईट शब्दाला हलून दाखवलं की तो खरा ठरतो. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला बसायला जागा द्यायची नाही. तेव्हा गोम्बो लामाच्या दिवसाची वाट बघत ठिय्या देऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला.

रात्रीतून तो गोठला. त्यावर बर्फ पडला. मेंढ्यांनी खुरांनी उकरून उकरून पाय रक्तबंबाळ केले, पण बोटभर जाड बर्फाखालचं गवत त्यांना नुसतं दिसत होतं, मिळत नव्हतं. म्हाताऱ्याचा बदामी घोडा दोन जत्रांमध्ये पहिला आला होता. तो नदीकाठी घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याला गोम्बोनं स्वतःच्या हातानं मोकळं केलं आणि नंतर कितीतरी दिवस तो कुणाशी बोलला नाही.

बोलायचं काम डोल्गोरनं केलं. "आमच्या घरात इतकी वर्षं असं झालं नव्हतं," शेजारच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूत बसून ती सांगायची. "पांढऱ्या पायाची सून असती तरी चालवून घेतली असती. ही काळ्या जिभेची निघाली."

ढगाला शिक्षा करता येत नाही, लामाला बोल लावता येत नाही, घरच्या कर्त्याला तर नाहीच नाही. राहता राहिली ती. वड्याचं तेल वांग्यावर काढायची रीत काही एकाच मुलखाची नाही.

तेव्हापासून खोऱ्यात तिचं नाव पडलं. घोडी विणार असली की बायका गोडीनं म्हणायच्या, "सेवजिद, तू जरा पाणी आण बाई." लांबच्या प्रवासाला जायचं असलं की माणूस ती दिसण्याआधी निघायचा. शेजारी नामखाय तसा भला माणूस, पण तोही ती गेरमध्ये शिरली की हवेचं बोलणं मध्येच तोडून तंबाखूचं बोलायला लागायचा. चुलून तेवढा हसायचा. "काळजिभे," तो लाडानं म्हणायचा, "माझ्या पाठदुखीला काहीतरी वाईट बोल ना, म्हणजे तीच मरेल." तो एकटा असं म्हणायचा आणि तिला ते हवंहवंसं वाटायचं. पण सासूसमोर तोही गप्प. आईला तोंड देणारा माणूस नव्हता तो, आणि हे सांगताना माझा राग अजून शमत नाही.

सगळ्यांत वाईट हे की हळूहळू सेवजिदलाच ते पटलं. माणसाला रोज सांगा की तुझ्या अंगाला वास येतो, तो एक दिवस स्वतःच लांब बसायला लागतो. एखादं कोकरू थंडीनं कुडकुडताना दिसलं आणि मनात आलं की हे काही जगत नाही, की ती तोंडावर हात दाबायची. मुलगा झाला, ब्यांबा. त्याला ताप आला तर शेजारणी विचारायच्या, "कसा आहे?" ती म्हणायची, "छान आहे, खेळतोय." पोर चुलीपाशी फणफणलेलं असायचं आणि ही सांगायची खेळतोय. सासरा म्हातारपणी झोपेत देवाघरी गेला, तेव्हाही तिनं आधी आठवून पाहिलं, आपण काही बोललो तर नव्हतो ना.

रेडिओ मात्र तिनं सोडला नाही. लाल रंग उडाला, एक बटण गेलं, तिथे तिनं हाडाचा तुकडा बसवला. अंदाज सांगणारी बाई बदलली, मग तिच्या जागी एक पुरुष आला, त्याचा आवाज कोरडा होता. खोऱ्यात फोन आले पण ते टेकडीवर चढल्याशिवाय बोलत नसत. सेवजिद रोज दुपारी रेडिओला कान लावून सगळा देश ऐकायची आणि ऐकलेलं पोटात ठेवायची. पाऊस असला की शेण्या आधीच झाकून ठेवायची, बर्फ असला की मेंढ्या लवकर वळवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "सहज."

ब्यांबा मिसरूड फुटलेला झाला, शाळा सोडून बापाबरोबर घोड्यांमागे फिरायला लागला, आणि एका शरदात चुलूनच्या घोड्यांचा कळप उलान खिंडीपलीकडे गेला.

शरद सरत आला होता. हिवाळ्याच्या तळावर सगळे येऊन पोचले होते. त्या दिवशी हवा नको इतकी गोड होती, वारा नाही, ऊन कोमट, गेरच्या नमद्यावर माश्यासुद्धा येऊन बसल्या होत्या. ब्यांबा नामखायकडे लोकर भरू लागायला गेला होता. चुलून म्हणाला, "जाऊन घोडे घेऊन येतो. आज पलीकडे मुक्काम करीन, उद्या परत." आणि तो घोड्यावर खोगीर घालायला बाहेर गेला.

आत रेडिओ सुरू होता. कोरड्या आवाजानं सगळा देश घेत घेत पश्चिमेला गाठलं. आज दुपारनंतर पाऊस, संध्याकाळी ओला बर्फ, डोंगरांत वादळी वारा, तापमान झपाट्यानं उतरेल, मेंढपाळांनी आणि प्रवाशांनी काळजी घ्यावी. मग निवेदकानं आभार मानले आणि एक जुनं गाणं लागलं, घोड्यावरचं, लांब ताना असलेलं.

सेवजिदचे हात पिठात होते. ते तसेच राहिले.

डोल्गोर दाराशी ऊन खात बसली होती, वाळवलेल्या दह्याच्या वड्या निवडत. आता तिला नीट दिसत नसे, पण सुनेचा चेहरा वाचायला तिला डोळे लागत नव्हते. तिनं एकदा आत पाहिलं.

"माणूस निघालाय," ती म्हणाली. "दूध आण."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सांगावं तर आपल्या तोंडून गेलेला शब्द त्याच्या मागे लागणार. न सांगावं तर पाऊस कुणाच्या बोलण्याची वाट बघत नाही. ती उठली. पेटीतून कातड्याच्या अस्तराचा लांब हिवाळी अंगरखा, देल, काढला आणि बाहेर नेला.

"हा घाल."

चुलून हसला. "आत्ता? अजून माझ्या शेळ्यांनी कपडे बदलले नाहीत आणि मी कातडं चढवू? लोक म्हणतील चुलून म्हातारा झाला."

"खोगिराला बांध तरी."

"ओझं नको. घोडे हाकायचेत मला, बाजाराला नाही चाललो." त्यानं लगाम हातात घेतला, मग थांबला. आतून गाण्याचा आवाज येत होता. "काय गं, रेडिओ काय म्हणतोय?"

त्यानं सहज विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं. डोल्गोरचा हात दह्याच्या वड्यांवर थांबला.

सेवजिदनं त्याच्याकडे पाहिलं. आपण बोललो तर हा मरेल, अशी तिची त्या क्षणी खात्री होती. बोललो नाही तर कदाचित ढग दुसऱ्या खोऱ्यात जातील, कदाचित रेडिओवाल्याचं चुकेल. जीभ दाताखाली धरली तर हा वाचेल.

"गाणं चाललंय," ती म्हणाली.

"छान आहे," चुलून म्हणाला आणि घोड्यावर बसला.

नऊ खळग्यांच्या लाकडी पळीनं तिनं त्याच्या मागे दूध शिंपडलं, एकदा, दोनदा, तो वळणापलीकडे जाईपर्यंत. पळीतलं दूध संपलं तेव्हा तिनं पुन्हा आत जाऊन भरून आणली आणि रिकाम्या वाटेवर शिंपडत राहिली.

"पुरे," डोल्गोर म्हणाली. "इतकं शिंपडतात का कधी?"

दुपार कलली आणि खिंडीवर ढग आले. पाऊस पडला, मग तो जाड झाला, मग पांढरा झाला, आणि अंधार पडायच्या आत वाऱ्यानं गेरचे दोर वाजायला लागले. ब्यांबा ओला होऊन नामखायकडून परतला आणि म्हणाला, "बाबा गेले नाहीत ना?"

वादळ ओसरल्यावर नामखाय, ब्यांबा आणि आणखी दोघे खिंडीत गेले. चुलून खिंडीच्या अलीकडेच एका खडकाच्या आडोशाला बसलेला सापडला. तो परत यायला वळला होता. शरदातला पातळ देल पावसानं भिजून अंगावरच थिजला होता, दारावरच्या फळीसारखा. घोडा शेजारी उभा होता.

ब्यांबानं आईला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "अंगात काय होतं?" मग तिच्या घशातून काहीतरी आलं, आणि डोल्गोरनं तिचा खांदा पकडला.

"रडायचं नाही. तुझं पाणी त्याच्या वाटेवर पाऊस होऊन पडेल. आधीच भिजलाय तो."

मागे राहिलेल्याचे अश्रू जाणाऱ्याला वाटेत आडवे येतात, हे खोऱ्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. सेवजिद रडली नाही. तुपाचा दिवा लावला, माणसं येऊ लागली, तिनं चहा केला. चहात मीठ बेताचंच पडलं.

तिसऱ्यांदा वाडगे भरताना नामखाय मान हलवत म्हणाला, "मला एकच कळत नाही. त्या दुपारी तर रेडिओवर स्पष्ट सांगितलं होतं. मी ब्यांबाला थांबवून धरत होतो त्यामुळेच. तुमचा रेडिओ बिघडलाय का?"

"चांगला आहे की," डोल्गोर म्हणाली. "हिनं ऐकला होता."

सगळे सेवजिदकडे बघायला लागले.

"मग?" नामखायनं विचारलं.

"त्यानं विचारलं होतं तिला. माझ्यासमोर विचारलं." मुलगा डोल्गोरचाही होता. "म्हणाली, गाणं चाललंय."

"अगं बाई," एक शेजारीण म्हणाली, "जिभेला काय झालं होतं तुझ्या?"

हे विचारणारी बाई कोण, तर घोडी व्यायला लागली की हिला पाण्याला पिटाळणारी. सेवजिदच्या हातात चहाची किटली होती. ती गरम होती, आणि क्षणभर तिच्या मनात जे आलं असेल ते मी तिच्या जागी असतो तर केलं असतं. तिनं त्या बाईचा वाडगा भरला. मुलाकडे पाहिलं, तर ब्यांबा जमिनीकडे बघत होता.

तो हिवाळा कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. बोलणारी म्हणून जिला वीस वर्षं टाकली, तिला आता न बोलणारी म्हणून टाकली. ब्यांबा कामापुरतं बोलायचा. डोल्गोर आणि ती एका चुलीच्या दोन बाजूंना बसायच्या आणि रेडिओ मध्ये बोलायचा. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

पुढचा शरद आला. पुन्हा हिवाळ्याचा तळ, पुन्हा तसंच कोमट ऊन, आणि ब्यांबा सकाळी म्हणाला, "घोडे खिंडीपलीकडे गेलेत. आणतो."

दुपारी त्यानं खोगीर बाहेर नेलं. आत रेडिओनं देश घ्यायला सुरुवात केली. राजधानीत कोरडं. पूर्वेला कोरडं. दक्षिणेत धुळीचा वारा. आणि पश्चिमेच्या प्रांतांत आज रात्रीपासून पाऊस, त्याचा पुढे बर्फ, डोंगरांत वादळ.

सेवजिद उठली. रेडिओ हातात घेतला आणि तशीच बाहेर जाऊन घोड्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"पाऊस येणार आहे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा की मेंढ्यांनी माना वर केल्या. "त्यावर बर्फ येणार. खिंडीत वादळ होणार. तू गेलास तर थिजून मरशील. बाप मेला तसा."

डोल्गोर दाराशी उभी राहिली, भिंत चाचपत. "गप्प बस! एकच उरलाय घरात, त्यालाही गिळतेस?"

"मरशील," सेवजिद पुन्हा म्हणाली. "ऐकलंस? मी म्हणतेय, तुझी आई. रेडिओवाला नाही. मरशील."

ब्यांबाचा चेहरा पांढरा पडला. आईनं घोड्याचा लगाम दोन्ही हातांनी धरला होता आणि ती तो सोडणार नव्हती, हे त्याला दिसलं. त्यानं खोगीर उतरवलं.

ती रात्र तिघांनी जागून काढली. डोल्गोर जपमाळ ओढत होती, ब्यांबा छताच्या मधल्या लाकडी चाकाकडे बघत होता, आणि सेवजिद दोरांचा आवाज यायची वाट बघत होती. दोर वाजले नाहीत.

सकाळी ऊन पडलं. ढग एकही नव्हता. खिंड इतकी स्वच्छ दिसत होती की वरच्या राशीतले दगड इथून मोजता आले असते. दुपारपर्यंत माश्या पुन्हा नमद्यावर येऊन बसल्या. त्या दिवशी काही झालं नाही आणि दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. पाऊस नाही, बर्फ नाही, वाऱ्याची झुळूकही नाही. ब्यांबा हसत हसत खोगीर घालायला गेला. वर्षात पहिल्यांदा तो आईकडे बघून हसला होता.

"आई, तुझा रेडिओवाला भलताच थापाड्या निघाला गं."

तो गेला. सेवजिदनं त्याच्या मागे दूध शिंपडलं, नेमकं, जितकं शिंपडतात तितकंच. मग ती पळी हातात घेऊन दारात आली. डोल्गोर उन्हात बसली होती, सुटल्यासारखी, गुडघे चोळत.

"देवाची कृपा," म्हातारी म्हणाली. "काही झालं नाही."

"आई, मी बोलले होते ना?"

"जाऊ दे आता."

"मोठ्यानं बोलले होते. दोनदा. मरशील म्हटलं. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"मग काही झालं का नाही?"

डोल्गोरचे हात गुडघ्यांवर थांबले. "रेडिओवाल्यांचं काय," ती म्हणाली, "चुकतात कधीकधी."

"ते चुकतात. पण मी बोलले होते. माझ्या जिभेनं बोलले होते." सेवजिद सासूसमोर खाली बसली. "माझ्या जिभेनं काहीच होत नाही, आई. त्याला सांगितलं असतं तरी काही झालं नसतं. त्यानं देल घातला असता. एवढंच झालं असतं."

म्हातारीला आता जवळचंही दिसत नव्हतं, तरी तिनं मान फिरवली.

मग सेवजिद रडायला लागली. वर्षाचं, बहुधा वीस वर्षांचं रडणं होतं ते. ती जमिनीला हात टेकून गुरासारखी ओरडून रडली. पळी तिच्या हातातून सुटून उताराला गडगडत गेली.

"रडू नकोस," डोल्गोर सवयीनं म्हणाली. "त्याच्या वाटेवर पाऊस..."

बोलता बोलता तिनं तोंड वर केलं. उन्हाची ऊब तिच्या गालांवर पडली होती. ती तशीच थोडा वेळ थांबली, आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही.